नळाचा दुसरा डाव

पैसे लावून खेळायच्या खेळात नशीब किती आणि कौशल्य किती, या प्रश्नावर भारतीय न्यायालयांनी स्वातंत्र्यानंतर पुष्कळ खल केला. परंतु जे पणाला लावले ते लावण्याचा अधिकार मुळात खेळणाऱ्याला होता का, हा धर्मविचारातला त्याहून जुना प्रश्न त्या चर्चेत बहुधा बाजूलाच राहिला. मोबाइलवर पैसे लावून खेळल्या गेलेल्या पोकरने हा दुसरा प्रश्न नव्या रूपात उभा केला आहे, कारण या खेळात अभ्यासाने कौशल्य वाढवत लहान रकमेच्या टेबलावरून मोठ्या रकमेच्या टेबलावर पायरी-पायरीने चढण्याची एक शिस्तबद्ध रीत आहे आणि ती रीत पाळणारा माणूस स्वतःला जुगारी समजत नाही. पिंपरी-चिंचवड ते चाकण या औद्योगिक पट्ट्यात, जिथे दिवसाचे चोवीस तास तीन पाळ्यांत वाटलेले आहेत आणि हातात नियमित पगार येणाऱ्या तरुणांची दाट वस्ती आहे, तिथे या चढण्याचा विचार केवळ हिशेबाचा राहत नाही. कारण तिथे पैशाबरोबर आणखी काय पणाला लागते, हे अधिक स्पष्ट दिसते.

पोकरच्या ‘टेक्सस होल्डेम’ या सर्वाधिक प्रचलित प्रकारात प्रत्येक खेळाडूला दोन पत्ते झाकलेले मिळतात, मध्यभागी पाच पत्ते टप्प्याटप्प्याने उघडले जातात आणि दर टप्प्याला बोली वाढवायची, तेवढीच भरायची की पत्ते टाकून द्यायचे, हे ठरवावे लागते. पत्ते पाहण्यापूर्वीच दोन खेळाडूंना सक्तीने भरावी लागणारी रक्कम म्हणजे ‘ब्लाइंड’, आणि टेबलाची पायरी या रकमेवरून ओळखली जाते. एक-दोन रुपयांच्या टेबलावर मोठा ब्लाइंड दोन रुपयांचा असतो आणि खेळाडू साधारणतः त्याच्या शंभरपट, म्हणजे दोनशे रुपये घेऊन बसतो. पाच-दहाच्या टेबलावर हीच रक्कम, जिला ‘बाय-इन’ म्हणतात, एक हजार होते. खेळासाठी वेगळी काढलेली एकूण पुंजी म्हणजे ‘बँकरोल’. पुंजीत किमान वीस-तीस बाय-इन जमल्याशिवाय वरच्या पायरीवर चढू नये आणि पुंजी घटली की मान खाली घालून खालच्या पायरीवर यावे, असा या खेळातला रूढ दंडक आहे. पाच-दहाच्या टेबलासाठी तीस बाय-इन म्हणजे तीस हजार रुपये होतात, आणि चाकणमधल्या अनेक कंत्राटी कामगारांच्या हाती महिन्याला तेवढे पडत नाहीत.

या दंडकामागचे गणित समजून घेण्यासारखे आहे, कारण प्रश्नाचे तात्त्विक मूळ तिथेच सापडते. एखादा खेळाडू खरोखरच चांगला आहे आणि शंभर डावांमागे सरासरी पाच मोठे ब्लाइंड जिंकतो, असे धरले, तरी निकाल त्या सरासरीपासून किती भरकटतो याचे माप, ज्याला संख्याशास्त्रात प्रमाण विचलन म्हणतात, शंभर डावांमागे नव्वद ब्लाइंडच्या आसपास असू शकते. दहा हजार डावांनंतर त्याची अपेक्षित कमाई पाचशे ब्लाइंड असते, पण विचलन नऊशेचे असते. म्हणजे असा गुणी खेळाडूही दहा हजार डावांनंतर तोट्यात असण्याची शक्यता शेकडा अठ्ठावीसच्या पुढे जाते. एक लाख डावांनंतर ती शेकडा चारवर येते. ऑनलाइन एका टेबलावर तासाला सत्तर डाव होतात असे मानले, तर लाख डावांना चौदाशेहून अधिक तास लागतात, आणि पाळी सांभाळून रोज दोन तास खेळणाऱ्याला त्यासाठी सुमारे दोन वर्षे लागतील. तोपर्यंत तो वरच्या टेबलावर गेलेला असतो, तिथले प्रतिस्पर्धी निराळे आणि अधिक तयारीचे असतात, आणि खालच्या टेबलावर गोळा केलेला पुरावा वरच्या टेबलावर जसाच्या तसा लागू पडत नाही. थोडक्यात, ज्या कौशल्याच्या भरवशावर चढायचे, ते आपल्यापाशी आहे की नाही, हे खात्रीने कळायच्या आत चढण्याचा निर्णय घ्यावा लागतो.

धर्मशास्त्राला हा पेच अपरिचित नव्हता. दैव आणि पुरुषकार, म्हणजे माणसाचा स्वतःचा प्रयत्न, यांचा संबंध सांगताना याज्ञवल्क्यस्मृतीने एका चाकावर रथ चालत नाही असा दाखला दिला आहे, आणि गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगताना अधिष्ठान, कर्ता, साधने आणि नाना प्रकारच्या चेष्टा यांच्यानंतर पाचवे कारण म्हणून दैवाला स्थान दिले आहे. दैव आणि प्रयत्न यांची विभागणी करून मग खेळाला बरे किंवा वाईट ठरवण्याची खटपट मात्र या ग्रंथांनी केलेली दिसत नाही. मनुस्मृतीने द्यूत, म्हणजे निर्जीव वस्तूंनी खेळायचा जुगार, आणि समाह्वय, म्हणजे प्राण्यांच्या झुंजींवरचा जुगार, असा भेद केला आणि राजाने दोन्ही बंद करावेत असे सांगितले. याज्ञवल्क्याने आणि कौटिल्याने ते राजाच्या देखरेखीखाली चालू दिले. कौटिल्याचा द्यूताध्यक्ष जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच घेतो. अलीकडच्या पोकर कंपन्या दर डावातून जो हिस्सा कापून घेत, ज्याला ‘रेक’ म्हणतात, तोही साधारण याच दराच्या आसपास असे. दोन हजार वर्षांत धंद्याचे दर फारसे हललेले नाहीत. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात या दोन्ही परंपरा सविस्तर आल्या आहेत, आणि त्या वाचताना जाणवते की वाद खेळाच्या स्वरूपाचा नसून त्याच्या परिणामांचा आणि राजाच्या कर्तव्याचा होता.

न्यायालयांनी वाट वेगळी धरली. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याच्या तेराव्या कलमाने निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट दिली होती. १९५७ मध्ये चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऋग्वेदातल्या अक्षसूक्तापासून महाभारतापर्यंतचे दाखले देत जुगाराला घटनेने संरक्षिलेल्या व्यापाराच्या कक्षेबाहेर ठेवले, मात्र कौशल्यप्रधान स्पर्धांना आत घेतले. १९६७ मध्ये रमी कौशल्याच्या बाजूला गेली. पोकरबाबत उच्च न्यायालयांचे एकमत झाले नाही, २०१७ मध्ये गुजरातने त्याला जुगार ठरवले आणि २०२४ मध्ये अलाहाबादने कौशल्याचा खेळ. या सगळ्या निवाड्यांतून सामान्य खेळाडूच्या मनात एक समीकरण पक्के झाले, की खेळ कौशल्याचा असेल तर पैसे लावण्यात दोष नाही. महाभारतातली एक कथा नेमके हेच समीकरण तपासते.

वनपर्वातले नलोपाख्यान मराठी वाचकाला रघुनाथ पंडितांच्या आख्यानामुळे हंस आणि स्वयंवर यांच्यासाठी अधिक परिचित आहे. परंतु त्या कथेचा कणा द्यूताचा आहे. भाऊ पुष्कराशी खेळताना नळ सर्व हरला आणि उरलेली एकटी पत्नी दमयंती पणाला लाव असे पुष्कराने सुचवले, तेव्हा नळ संतापाने काही न बोलता अंगावरचे दागिने उतरवून एका वस्त्रानिशी नगराबाहेर पडला. पुढे बाहुक या नावाने ऋतुपर्ण राजाचा सारथी होऊन विदर्भाकडे रथ हाकत असताना वाटेत एक बेहड्याचे झाड लागले. प्राचीन काळी याच झाडाची फळे फासे म्हणून वापरली जात. ऋतुपर्णाने केवळ नजर टाकून त्याची पाने आणि फळे किती हे सांगितले. बाहुकाचा विश्वास बसेना, त्याने रथ थांबवला, उशीर होतो म्हणून राजा कळवळत असतानाही झाड तोडून मोजदाद केली, आणि आकडा बरोबर निघाला. तेव्हा त्याने अश्वविद्येच्या बदल्यात राजाकडून अक्षहृदय, म्हणजे फाशांच्या अंतरंगाचे ज्ञान, घेतले आणि त्याच क्षणी त्याच्या शरीरात शिरलेला कली बाहेर पडला. कथाकाराला कौशल्य म्हणजे मोजणे, अंदाज बांधणे आणि तो पडताळून पाहणे हे ठाऊक होते, असे या प्रसंगावरून म्हणावे लागते. संभाव्यतेच्या शास्त्राशी याचे नाते जोडणारे अभ्यासकही आहेत.

या कथेचा शेवट मात्र क्वचितच बारकाईने वाचला जातो. अक्षहृदय मिळाल्यावर नळ पुष्कराकडे परत जातो, एकाच डावात सारे ठरवू म्हणतो, आणि आपल्या बाजूने मिळवलेल्या धनाबरोबर दमयंतीही पणाला लावतो. अज्ञानी असताना, सर्वस्व गेले असताना, ज्या पणाची नुसती सूचनाही त्याला असह्य झाली, तोच पण ज्ञानी झाल्यावर त्याने आपण होऊन मांडला. तो जिंकतो, म्हणून कथा सुखान्त होते आणि हा तपशील निसटतो. कौशल्याने पराभवाची भीती गेली, आणि भीती गेली तशी पणाला लावण्याजोगे आणि न लावण्याजोगे यांतली सीमारेषाही पुसट झाली. वरच्या पायरीवर जाणाऱ्या खेळाडूच्या बाबतीत खरा विचार इथे करायला हवा, कारण न्यायालये जे कौशल्य निर्दोषतेचा पुरावा मानतात तेच कौशल्य इथे दोषाला वाट करून देते.

या विवेचनावर गीतेच्या आधाराने एक आक्षेप घेता येईल. चांगला पोकर खेळाडू निकालाकडे पाहत नाही, निर्णय बरोबर होता का एवढेच पाहतो. योग्य बोली लावूनही शेवटच्या पत्त्यावर हरला तर तो विचलित होत नाही, आणि विचलित होऊन खेळू लागण्याला, ज्याला या खेळात ‘टिल्ट’ म्हणतात, तो मोठा दोष मानतो. हा फलाची आसक्ती सोडलेला कर्मयोग नव्हे काय? साम्य वरवरचे नाही आणि ते उडवून लावणे योग्यही नाही. समत्वाचा एवढा कठोर सराव फार थोड्या व्यवसायांत घडतो. तरीही लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’त ज्या कर्मयोगाची मांडणी केली, त्यात निष्कामता लोकसंग्रहाशी, म्हणजे समाजाची घडी टिकवणाऱ्या कर्माशी, बांधलेली आहे. पोकरच्या टेबलावर एकाची कमाई ही दुसऱ्याची हानी असते आणि रेक वजा जाता सर्वांची मिळून बेरीज शून्याच्याही खाली जाते. तिथले समत्व हे अधिक फळ मिळवण्याचे साधन असते. एकेका डावाच्या फळावरची आसक्ती सोडायची ती एकूण फळ वाढावे म्हणून. दहाव्या अध्यायात भगवंतांनी कपट करणाऱ्यांमधले द्यूत ही आपली विभूती सांगितली आहे, आणि त्यावर भाष्य करताना ज्ञानेश्वरांनी भर चव्हाट्यावर चोरी होते तरी कोणाला निवारता येत नाही, असा आशय मांडला आहे. ज्यात लुटला जाणारा स्वतः संमती देतो अशी चोरी, हे निरीक्षण चाकणपासून हाकेच्या अंतरावर समाधी असलेल्या या तत्त्वज्ञाचे आहे आणि ते कायद्याच्या कोणत्याही व्याख्येपेक्षा नेमके आहे.

अधिकाराचा प्रश्न सर्वांत थेट शब्दांत द्रौपदीने विचारला: राजाने आधी कोणाला गमावले, स्वतःला की मला? सभापर्वातला युधिष्ठिर मोती, रथ, दासदासी, हत्ती, घोडे, राज्य, मग एकेक भाऊ, मग स्वतः आणि शेवटी पत्नी असा चढत गेला, आणि तो चढला ते हरत असताना. पोकरचा दंडक याच्या उलट आहे, जिंकले तर चढा आणि हरलात तर उतरा, त्यामुळे शिस्तीचा खेळाडू आपण युधिष्ठिराच्या वाटेवर नाही असे म्हणू शकतो, आणि ते म्हणणे अर्धे बरोबर आहे. बँकरोल वेगळा ठेवण्याची रीत ही खरे तर द्रौपदीच्या प्रश्नाला दिलेले उत्तरच आहे: एवढे माझे, एवढ्यापुरताच पण, घरखर्चाला हात नाही. लीळाचरित्रात चक्रधरस्वामींच्या पूर्वायुष्याची जी हकिकत आहे, तिच्यात हरिपाळदेव, म्हणजे पुढचे चक्रधर, द्यूतात हरून पत्नीकडे दागिने मागतात आणि ती नकार देते. त्या नकारातून पुढे त्यांचे वैराग्य आणि घर सोडणे घडले, असे महानुभाव परंपरा मानते. मराठीतल्या आद्य गद्य ग्रंथात पणाच्या अधिकाराचा असा निवाडा एका स्त्रीने एका नकारात केलेला आहे.

पुंजीचे वेगळेपण पैशापुरते सांभाळता येते; वेळ, झोप आणि लक्ष यांचा बँकरोल वेगळा काढता येत नाही. करमणुकीसाठी खेळणारे, ज्यांच्याकडून जिंकायचे ते, बहुतेक रात्री जेवणानंतर टेबलावर येत, म्हणून मिळकतीचे तास रात्रीचे असत. पहिल्या पाळीची कंपनीची बस पहाटे नाक्यावर उभी राहते. दुसऱ्या पाळीचा कामगार मध्यरात्रीनंतर भोसरी, मोशी किंवा चिखलीच्या खोलीवर पोचतो. आणि पाळी आठवड्याने बदलते, म्हणजे शरीराला एका वेळेची सवय लागते तोवर वेळ पालटलेली असते. अशा माणसाने लहान टेबलावर एक डोळा मोबाइलवर ठेवून खेळणे आणि वरच्या टेबलावर, जिथे प्रत्येक निर्णयाला काही सेकंदच मिळतात आणि प्रतिस्पर्धी तयारीचे असतात, पूर्ण लक्ष देऊन खेळणे यांत फरक आहे. पायरी चढली की रात्रीचा अधिक मोठा तुकडा द्यावा लागे. दुसऱ्या दिवशी तोच माणूस प्रेस मशिनवर उभा असे, जिथे क्षणभर डुलकी लागली तर बोटे जातात, कधी स्वतःची आणि कधी समोरून पत्रा सरकवणाऱ्या सोबत्याची. त्या सोबत्याची बोटे कोणी पणाला लावली, याची नोंद कोणत्याही बँकरोलमध्ये नसते. हिंजवडीच्या संगणक अभियंत्याची बोटे शाबूत राहतात, एवढाच काय तो फरक. त्याच्या लेकराचा गृहपाठ कोणी घ्यायचा, हा प्रश्न त्याच्याही घरात उरतो.

पिंपरी-चिंचवड शहरातच ऑक्टोबर २०२३ मध्ये पोलीस दलातील एका उपनिरीक्षकाने क्रिकेटच्या ऑनलाइन फँटसी खेळात दीड कोटी रुपये जिंकले आणि काही दिवसांतच त्याला निलंबित करण्यात आले. तो खेळ पोकर नव्हता आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये त्या प्रकाराला कौशल्याचा खेळ मानलेही होते. तरी खात्याची प्रतिमा मलिन झाली असा ठपका आला. माणूस जिंकला होता, खेळ तेव्हा कायद्याने चालू होता, आणि तरी त्याने असे काही वापरले होते जे एकट्याचे नव्हते, अशी प्रशासनाची भावना दिसते. निलंबन योग्य होते की नव्हते, यावर मतभेद होऊ शकतात. परंतु प्रशासनाने, कदाचित नकळत, कौशल्याचा प्रश्न ओलांडून अधिकाराचा प्रश्न विचारला, हे महत्त्वाचे आहे.

या औद्योगिक पट्ट्याच्या कडेलाच देहू आहे. तुकाराम महाराजांच्या घरी महाजनकी होती, आणि दुष्काळानंतर त्यांनी लोकांकडून येणे असलेल्या कर्जाची खते काढली, भाऊ कान्होबांचा अर्धा हिस्सा त्यांना दिला आणि स्वतःच्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. या कथेतला वैराग्याचा भाग सर्वांच्या तोंडी आहे. वाटणीच्या भागाकडे मात्र कमी लक्ष जाते. संपत्ती सोडतानाही त्यांनी आधी दुसऱ्याचा हिस्सा बाजूला काढला, म्हणजे त्यागाचाही अधिकार त्यांनी स्वतःच्या वाट्यापुरताच मानला. तिथून जवळच देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. बुद्धाने गृहस्थाला केलेला उपदेश ज्यात आहे, त्या सिगालोवाद सुत्तात द्यूताचे सहा दुष्परिणाम सांगितले आहेत, आणि त्यांतला पहिला हरणाऱ्याचा नसून जिंकणाऱ्याचा आहे: जो जिंकतो तो वैर जोडतो. मग हरलेल्याचा शोक, धनाचा नाश, सभेत शब्दाला किंमत न उरणे, मित्रांकडून अवहेलना आणि विवाहासाठी अयोग्य ठरणे हे येतात. कौशल्याने यांतले दुसरे आणि तिसरे टळतील. पहिला उलट वाढेल.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा नवा कायदा केला, २२ तारखेला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली, आणि खेळ नशिबाचा असो वा कौशल्याचा, पैसे लावून ऑनलाइन खेळवणे बंद झाले. त्याच सुमारास प्रमुख कंपन्यांनी पैशांची टेबले गुंडाळली आणि खेळाडूंची जमा रक्कम परत देण्याची व्यवस्था केली. कायद्याला दिलेली आव्हाने सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे घेतली. शिक्षा आहे ती खेळवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला आणि व्यवहार पार पाडणाऱ्याला. खेळणाऱ्याला नाही, कारण कायद्याच्या दृष्टीने तो पीडित आहे. सत्तर वर्षांचा कौशल्य-नशीब वाद अशा रीतीने एका फटक्यात निकालात निघाला, तो सुटला म्हणून नव्हे, तर बिनमहत्त्वाचा ठरवला गेला म्हणून. अधिकाराच्या प्रश्नाला मात्र कायदा शिवतही नाही, कारण ज्याला पीडित मानले त्याला तू काय पणाला लावलेस आणि ते कोणाचे होते, असे विचारता येत नाही. शेअर बाजारातल्या फ्युचर्स आणि ऑप्शन्सच्या व्यवहारांत २०२२ ते २०२४ या तीन आर्थिक वर्षांत वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी शेकडा त्र्याण्णव तोट्यात गेले, असे सेबीच्या पाहणीत आढळले होते. ते दार उघडेच आहे, आणि पायरी चढण्याची भाषा तिथेही तीच आहे.

हस्तिनापुरातही निर्णय असाच टळला होता. द्रौपदीच्या प्रश्नावर भीष्म धर्माची गती सूक्ष्म आहे म्हणून थांबले, द्रौपदीची बाजू घेणाऱ्या विकर्णाचे म्हणणे कर्णाने खोडून काढले, आणि अशुभ चिन्हांनी घाबरलेल्या धृतराष्ट्राने वर देऊन हरलेले सर्व काही परत केले, त्यामुळे प्रश्नाचे उत्तर देण्याची गरजच कोणाला उरली नाही. पांडव इंद्रप्रस्थाच्या वाटेवर असतानाच पुन्हा बोलावणे आले, आणि युधिष्ठिर बारा वर्षांच्या वनवासाच्या पणावर खेळायला परत येऊन बसला.